कोपराचं हाड मोडलंय आणि डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत: तार, प्लेट, स्क्रू की सांधा?

गंगापूर रोडला गाडी स्लिप झाली, येवल्यात संक्रांतीला पतंगाच्या नादात पोरगं गच्चीवरून खाली आलं, निफाडकडे बागेत चिखलात पाय घसरला, कारण काही असो, पडताना माणूस हात पुढे टाकतो आणि मार कोपरावर येतो. मग एक्सरे होतो, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लागेल, आणि बाहेर बाकड्यावर बसलेले चार नातेवाईक पाच सल्ले देतात. कोणाच्या मेहुण्याला तार टाकली होती म्हणून तारच बरी, कोणाच्या सासूबाईंची प्लेट अजून टोचते म्हणून प्लेट नकोच.

मी नाशकात फिजिओ म्हणून काम करते. ऑपरेशन मी करत नाही, पण ऑपरेशननंतरची कोपरं माझ्याकडे येतात, तारेची, प्लेटची, सांधा बदललेली, आणि दीड महिना पट्ट्यात बांधून मग आलेली पण. एवढं बघून माझं मत पक्कं झालंय की कोपराचं हाड बहुतेक वेळा जुळतंच, घोडं अडतं ते हालचालीवर. गुडघा थोडा आखडला तरी माणूस चालतो, कोपर आखडलं तर घास तोंडापर्यंत जात नाही. त्यामुळे कुठल्याही दोन ऑपरेशनची तुलना करताना माझा पहिला प्रश्न एकच असतो, यानंतर कोपर किती लवकर हलवता येईल? पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय. शेवटचा निर्णय अर्थात तुमचे सर्जन आणि तुम्ही मिळून घ्यायचा.

आधी पहिले काही तास

हात जसा आहे तसाच ठेवा, सरळ करून बघू नका, ओढू तर अजिबात नका. ओढणी किंवा उपरण्याची झोळी करून गळ्यात अडकवा. अंगठी, घड्याळ, बांगड्या ताबडतोब काढा, निघत नसतील तर बांगड्या फोडा किंवा कापा, अपशकुन वगैरे नंतर बघू, कारण तासाभरात हात सुजतो आणि मग तीच बांगडी करकचून आवळते. आणि काही खायला-प्यायला देऊ नका, विशेषतः लहान मुलांना. रडतंय म्हणून बिस्किटाचा पुडा हातात देतात आणि मग भूल देणारे डॉक्टर म्हणतात आता सहा तास थांबा.

बोटं बघा. रंग गुलाबी आहे का, गरम आहेत का, अंगठा वर करता येतो का, अंगठा आणि पहिल्या बोटाचा गोल करता येतो का, बोटं फाकवता येतात का. कोपराच्या आजूबाजूने हाताच्या तिन्ही मोठ्या नसा आणि मुख्य रक्तवाहिनी जाते, म्हणून हे एवढं महत्त्वाचं. बोटं पांढरी-गार पडली, नाडी लागत नाही, हाड कातडीबाहेर आलंय, किंवा पट्टा बांधल्यावर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललंय आणि बोट सरळ केलं की जीव जातोय, तर रात्र असो की सण, १०८ लावा आणि निघा. यातलं काहीच नसेल तर एवढी घाई नसते. सांधा निखळलेला असेल तर तो त्याच दिवशी बसवतात, बाकीची बहुतेक ऑपरेशनं सूज बघून काही दिवसांत, साधारण आठवडाभरात करतात, तेवढ्या वेळात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येतं, घ्या. मात्र दोन-तीन आठवडे निघून गेले की तेच ऑपरेशन अवघड होतं.

हाडवैद्याबद्दल दोन शब्द लिहिते, राग येणाऱ्याला येऊ दे. मोडलेल्या कोपरावर तेल लावून चोळणं आणि वर बांबूच्या काड्यांचा घट्ट पट्टा, यातून दोन गोष्टी होतात. घट्ट पट्ट्याने रक्तपुरवठा तुटून हाताचे स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात, हे लहान मुलांत जास्त. आणि चोळल्याने स्नायूंच्या आत नवीन हाड तयार होतं, मग कोपर एका जागी अडकतं. दुसऱ्या प्रकाराचे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात, आणि त्यात माझ्या व्यायामाने फार काही होत नाही.

कोणतं हाड मोडलंय ते नीट विचारा

"कोपर फॅक्चर आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. कोपरात तीन हाडं येतात. दंडाच्या हाडाचं खालचं टोक, करंगळीच्या बाजूचं अल्ना (टेबलावर कोपर टेकवतो ते टोकदार हाड याचंच, त्याला ओलेक्रेनॉन म्हणतात), आणि अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, ज्याची गोल टोपी तळहात उलटा-सुलटा करताना फिरते. तिन्हीची ऑपरेशनं वेगळी, त्यामुळे मेहुण्याची तार आणि तुमची तार यांची तुलनाच होत नाही, आधी मेहुण्याचं कुठलं हाड होतं ते विचारा. तुकडे जास्त असतील तर सीटी स्कॅन सांगतात, तो उगाच नसतो, एक्सरेत दोन दिसणारे तुकडे सीटीत पाच निघतात आणि प्लॅन बदलतो.

टोकाचं हाड (ओलेक्रेनॉन): तार की प्लेट

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं म्हणून इथे जरा थांबते.

टोकाच्या हाडाला दंडामागचा ट्रायसेप्स स्नायू चिकटलेला असतो. हाड तुटून सरकलं की तो स्नायू तुकडा वर ओढून घेतो आणि कोपर स्वतःच्या ताकदीने सरळ करता येत नाही. अशा वेळी तरुण, काम करणाऱ्या माणसाला ऑपरेशन लागतंच. तुकडा सरकला नसेल आणि कोपर सरळ करता येत असेल तर स्लॅब (अर्धं प्लास्टर), झोळी आणि मग व्यायाम यावर भागतं.

तारेच्या पद्धतीत दोन सरळ वायर हाडातून घालतात आणि त्यावर इंग्रजी आठच्या आकारात पातळ तार पिळून आवळतात. याला टेन्शन बँड म्हणतात. सामान स्वस्त. तुटण्याची रेघ सरळ आडवी, तुकडे दोनच, तर हे उत्तम काम करतं. अडचण एकच, कोपराच्या टोकावर चरबी नसते, कातडीखाली लगेच हाड, त्यामुळे वायरची टोकं टोचतात. देवळात मांडी घालून बसलेल्या आजी कोपर जमिनीला टेकवतात आणि "आई गं" करतात, ते हेच.

प्लेट मागच्या बाजूने बसवतात आणि स्क्रूने धरतात. तुकडे जास्त असतील, रेघ तिरकी असेल, किंवा सांधा पण अस्थिर असेल तर प्लेटच पाहिजे, तिथे तार आवळली की चुरा झालेलं हाड दबून सांध्याचा आकारच बिघडतो. प्लेट महाग, चिरा मोठा.

मग साध्या दोन तुकड्यांच्या फॅक्चरला काय बरं? एडिनबराच्या डॉक्टरांनी ६७ पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटून तुलना केली, २०१७ मध्ये छापून आली. एका वर्षाने हाताच्या कामात दोन्ही गटांत फरक नव्हता. तारवाल्यांपैकी निम्म्यांची तार त्रास झाला म्हणून काढावी लागली, प्लेटवाल्यांत हे साधारण पाचात एकाला. पण इन्फेक्शन झाली ती सगळी प्लेटच्या गटात. म्हणजे तार घेतली तर दुसऱ्या छोट्या ऑपरेशनची मनाची आणि पैशाची तयारी ठेवा, प्लेट घेतली तर जखमेची काळजी जास्त. शुगर असलेल्या, कातडी पातळ झालेल्या माणसाला साधं फॅक्चर असेल तर मला स्वतःला तार बरी वाटते. फक्त "स्वस्तात होतंय" म्हणून चुरा झालेल्या हाडाला तार मात्र नको.

आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या आजी-आजोबांचं गणितच वेगळं. त्यांचं हे हाड सरकलेलं असलं तरी ऑपरेशन न करता झोळी आणि हलका व्यायाम यावर रोजची कामं बऱ्यापैकी होतात. एडिनबरातच या वयाच्या लोकांवर झालेली तुलना मध्येच थांबवावी लागली, कारण ऑपरेशन केलेल्यांना त्रासच जास्त होत होता. ताकद थोडी कमी राहते, पण चहाचा कप, जेवण, वेणी-फणी होते. डॉक्टर "ऑपरेशन नको" म्हणाले तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका.

रेडियसची टोपी: काही नाही, स्क्रू, नवी टोपी, की काढून टाकणं

इथे मेसन नावाच्या सर्जनने १९५४ मध्ये केलेले प्रकार अजून वापरतात. पहिला प्रकार म्हणजे तडा आहे पण सरकलेलं नाही, याला ऑपरेशन लागत नाही आणि प्लास्टर पण नको, थोडे दिवस झोळी आणि लगेच हालचाल. याला कोणी महिनाभर प्लास्टर घालायचं म्हणालं तर जरूर विचारा की का.

दुसरा प्रकार, एक मोठा तुकडा दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला. इथे ठरवायची खूण अशी की तळहात वर-खाली फिरवताना काही अडकतं का. दुखण्यामुळे कळत नसेल तर डॉक्टर सांध्यातलं साचलेलं रक्त सुईने काढून भुलीचं इंजेक्शन देतात आणि मग फिरवून बघतात. अडकत नसेल तर ऑपरेशनशिवाय चालून जातं, अडकत असेल तर हाडात बुडणारे छोटे स्क्रू.

तिसरा प्रकार चुऱ्याचा. तीनपेक्षा जास्त तुकडे असतील तर जोडत बसण्याचा निकाल चांगला येत नाही, स्क्रू सुटतात, हाड जुळत नाही, तळहात फिरत नाही. मग धातूची नवी टोपी बसवतात. टोपी नुसती काढून टाकणं हा जुना आणि स्वस्त मार्ग, आजही काही वयस्कर, हलकं काम करणाऱ्या पेशंटला चालतो, पण एका अटीवर, आजूबाजूचे लिगामेंट (हाडं एकमेकांना धरून ठेवणारे पट्टे) आणि कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांमधला पडदा शाबूत पाहिजे. तो फाटलेला असताना टोपी काढली तर रेडियस हळूहळू वर सरकतो आणि मनगट दुखायला लागतं. म्हणून टोपी मोडली की मनगट दुखतंय का तेही डॉक्टरांना सांगा, पेशंट कोपराच्या नादात ते सांगतच नाहीत.

सांधा निखळला, टोपी मोडली आणि अल्नाचं पुढचं छोटं टोक पण मोडलं, असं तिन्ही एकदम झालं की त्याला सर्जन लोक टेरिबल ट्रायड म्हणतात आणि नाव बरोबरच आहे. इथे टोपी नुसती काढून चालतच नाही. पुढचं टोक बांधायचं, टोपी जोडायची किंवा बदलायची, बाहेरचं लिगामेंट शिवायचं, असं सगळं एका बैठकीत करतात. यासाठी कोपराची ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन शोधा, त्यासाठी मुंबईला जावं लागलं तरी जा.

दंडाच्या हाडाचं खालचं टोक: दोन प्लेट की नवा सांधा

मोठ्या माणसात हे सगळ्यात अवघड. सांध्याच्या आत फॅक्चर गेलं असेल तर दोन्ही बाजूंनी दोन प्लेट लागतात. त्या समांतर लावायच्या की एकमेकींना काटकोनात, यावर सर्जनांच्यात वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे, नीट लावल्या तर दोन्ही चालतात, तुम्ही त्यात पडू नका. एका प्लेटवर किंवा नुसत्या वायरवर भागवणं मात्र मोठ्या माणसात नको, कारण मग जोड पक्का वाटत नाही म्हणून वर प्लास्टर चढतं आणि तीन आठवड्यांच्या वर प्लास्टर राहिलं की कोपर लाकूड होतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ऑपरेशननंतरच्या एक्सरेत प्लेट तर दिसतातच, वर कोपराच्या टोकाच्या हाडात (ओलेक्रेनॉन) पण तार किंवा स्क्रू दिसतो आणि घरचे घाबरून विचारतात, मॅडम हे तर मोडलंच नव्हतं! सांध्याच्या आतलं नीट दिसावं म्हणून सर्जन ते टोक स्वतः कापतात, उचलतात, आतलं काम झालं की परत जोडतात. सगळ्यांनाच हे लागत नाही, पण लागलं तर चूक झाली असं समजू नका.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या हा दुसरा नेहमीचा प्रश्न. अल्नर नस तिथूनच जाते, ऑपरेशनमध्ये ती बाजूला धरावी लागते. बहुतेकांच्या मुंग्या काही महिन्यांत जातात. पण ऑपरेशनच्या आधीपासून होत्या का ते केसपेपरवर लिहून घ्या.

पासष्टच्या पुढे, हाडं ठिसूळ, आणि सांध्याचा चुरा, अशा वेळी पूर्ण सांधा बदलणं हा पर्याय येतो. कॅनडात अशा पेशंटची तुलना झाली, २००९ मध्ये छापली. दोन वर्षांनी सांधा बदललेल्यांची हालत प्लेटवाल्यांपेक्षा बरी होती, आणि प्लेट ठरलेल्या पाच जणांचं हाड टेबलावर जोडताच आलं नाही, त्यांना तिथेच सांधा बसवावा लागला. ऐकायला मस्त वाटतं. पण अट लक्षात घ्या, त्या हाताने साधारण पाच किलोच्या वर कधीच उचलायचं नाही, आणि पुन्हा पुन्हा उचलायचं असेल तर किलोभरच, जन्मभर. पाण्याची भरलेली कळशी गेली, कांद्याची गोणी तर विसराच. घरात फिरणाऱ्या सत्तरीच्या आजींना हे चालेल, पण पासष्टीचे काका अजून दिंडोरीला शेतात राबतायत तर त्यांना प्लेटच बरी, दोन प्लेट आणि सहा महिने कष्ट. म्हणून डॉक्टरांना वय सांगताना काम पण सांगा.

लहान मुलांचं वेगळं

पाच ते सात वर्षांच्या पोरांत कोपराच्या जरा वरचं हाड मोडतं. सरकलेलं नसेल तर स्लॅब. पूर्ण सरकलेलं असेल तर भूल देऊन, चिरा न मारता सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणारं मशीन) हाड बसवतात आणि कातडीतून वायर घालतात, तीन-चार आठवड्यांनी ओपीडीतच ओढून काढतात. वायर सगळ्या बाहेरच्या बाजूने, की एक आतून एक बाहेरून? आतली वायर पकड थोडी जास्त देते पण अल्नर नसेच्या अगदी शेजारून जाते, म्हणून बाहेरूनच दोन-तीन वायरींवर काम होत असेल तर बरेच सर्जन तेच पसंत करतात. मुलांना प्लेट सहसा लागत नाही.

कोपराच्या बाहेरच्या बाजूचा तुकडा मोडणं हे मात्र फसवं. एक्सरेत चिंचोळी रेघ दिसते, सूज कमी, पोरगं दोन दिवसांत खेळायला लागतं. दोन मिलिमीटरच्या वर सरकलेलं असेल तर पक्कं करावंच लागतं, नाहीतर ते जुळत नाही, हात बाहेर वाकडा होत जातो आणि कित्येक वर्षांनी बोटांची ताकद जाते. आठवड्याने परत एक्सरेला बोलावलं तर जा.

मुलांना फिजिओची घाई करू नका, चोळणं नाही, ओढणं नाही, खेळू द्या, बहुतेकांचं कोपर आपोआप मोकळं होतं. हे मी फिजिओ असून सांगतेय.

पैसे आणि कागद

खर्चाचा अंदाज लेखी घ्या. इम्प्लांट (आत बसवायची तार, प्लेट, स्क्रू वगैरे), ओटी (ऑपरेशन थिएटर), भूल, औषधं, खोली वेगवेगळं लिहून, आणि पुढे तार काढायचा खर्च किती तेही, कारण "तार स्वस्त" हा हिशोब दुसरं ऑपरेशन धरल्याशिवाय पूर्ण होत नाही. स्टील की टायटॅनियम यावर जास्त जीव काढू नका, नीट बसवलेलं स्टील उत्तम चालतं. इम्प्लांटचं स्टिकर फाईलमध्ये चिकटवून मागा, पुढे काढताना कंपनी आणि साईज कळली तर बरोबर स्क्रू ड्रायव्हर मागवता येतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दर वर्षी कुटुंबाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, पण सगळ्या हॉस्पिटलांत नाही आणि सगळ्या ऑपरेशनला नाही, म्हणून ॲडमिट होण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) टेबलावर विचारा. त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे, आडगावचं मेडिकल कॉलेज आहे, सातपूर-अंबडला कंपनीत असाल आणि ईएसआय कापला जात असेल तर ते कार्ड काढा. रस्त्यावरचा अपघात असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करून घ्या, क्लेमला तीच लागते.

सर्जनना विचारायचं ते असं: कोणतं हाड, किती तुकडे, ऑपरेशन न केलं तर काय होईल, तुम्ही निवडलेल्या पद्धतीत हालचाल कितव्या दिवशी सुरू करू देणार, आणि हे ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का. शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. चांगल्या सर्जनला राग येत नाही.

ऑपरेशननंतर

बोटं आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवा. हात उशीवर उंच ठेवा. कोपर कधी हलवायचं ते सर्जन सांगतील, जोड पक्का असेल तर काही दिवसांतच, फार तर टाके निघेपर्यंत म्हणजे दोन आठवड्यांच्या आसपास.

मी सुरुवात अशी करून घेते: पाठीवर झोपा, दंड छताकडे सरळ उभा, दुसऱ्या हाताने मनगट धरा, आणि हाताच्या वजनानेच कोपर हळूहळू कपाळाकडे वाकू द्या. मग तसंच सावकाश वर. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. व्यायामानंतर अर्धा-एक तास ठणकलं तर चालेल, रात्रभर झोप लागली नाही तर जास्त झालंय, दुसऱ्या दिवशी कमी करा. टोकाचं हाड जोडलंय त्यांनी सहा आठवडे खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायचं नाही. बाहेरचं लिगामेंट शिवलंय त्यांनी कोपर सरळ करताना तळहात जमिनीकडे ठेवायचा, आकाशाकडे नाही.

तेलाने चोळणं, दुसऱ्याने जोर लावून वाकवणं, हात सरळ व्हावा म्हणून पाण्याची बादली किंवा वाळूची पिशवी लटकवून फिरणं, हे तिन्ही बंद. बादलीचा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात. तंबाखू-मिश्री पण बंद, त्याने हाड जुळायला वेळ लागतो.

किती हललं म्हणजे पुरे? मोरी नावाच्या सर्जनने १९८१ मध्ये मोजून दाखवलं की रोजची बहुतेक कामं कोपर ३० अंशांपासून १३० अंशांपर्यंत (पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य) वाकलं आणि तळहात दोन्हीकडे ५०-५० अंश फिरला की होतात, फोन कानाला लावायला जरा जास्त लागतं. म्हणजे हात पूर्ण सरळ होत नाही म्हणून रडू नका, वाकण्यासाठी भांडा. बहुतेक प्रगती पहिल्या सहा महिन्यांत होते, त्यानंतरही अडकलेलंच असेल तर सांधा मोकळा करायचं वेगळं ऑपरेशन असतं.

तार किंवा प्लेट टोचत नसेल तर काढायची गरज नाही, गंजत नाही, आत राहू द्या. टोचत असेल तर हाड पूर्ण जुळल्याचं एक्सरेत दिसल्यावर, साधारण वर्षभराने, काढतात. काढल्यावर दुसऱ्याच दिवशी गोणी उचलू नका, स्क्रूची भोकं भरायला वेळ लागतो, तोवर हाड तिथेच परत मोडू शकतं, म्हणून सर्जन सांगतील तेवढे आठवडे जड काम आणि बुलेट दोन्ही लांब ठेवा.